चंद्राला हवा नाही, मग टायटनला कशी?

चंद्रावर हवा का नाही, असे वर्गात विचारले तर पुष्कळ हात वर होतात. "चंद्राचे गुरुत्वाकर्षण कमी आहे म्हणून!" हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कसे ते पाहा.

शनीच्या टायटन या उपग्रहावर १४ जानेवारी २००५ रोजी 'हायगेन्स' हे यान हवाई छत्रीच्या साहाय्याने उतरले. हवाई छत्रीला तोलून धरायला हवा लागते आणि टायटनवर ती भरपूर आहे. तेथे जमिनीवर हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे दीडपट भरतो. ही हवा मुख्यतः नायट्रोजनची आहे. नवल असे, की टायटनच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण चंद्रावरच्यापेक्षाही थोडे कमीच आहे! मग चंद्राला जे जमले नाही, ते टायटनला कसे जमले?

वर फेकलेला चेंडू खाली येतो. पण तो पुरेशा वेगाने फेकता आला, तर परत येणारच नाही. या किमान वेगाला मुक्तिवेग म्हणतात. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ कि. मी., चंद्राचा २.४ कि. मी. आणि टायटनचा २.६ कि. मी. आहे.

आता वायूचे रेणू हेच चेंडू समजा. त्यांना फेकणारा हात म्हणजे उष्णता. तापमान जितके जास्त आणि रेणू जितका हलका, तितका त्याचा वेग अधिक. शिवाय सर्व रेणू सारख्याच वेगाने धावत नाहीत. शर्यतीत काही मुले इतरांच्या खूप पुढे असतात, तसे काही रेणू सरासरीच्या कितीतरी पट वेगवान असतात. वातावरणाच्या माथ्यावर हवा अतिशय विरळ असते. तेथे असा रेणू वाटेत कोणाशीही न आदळता सरळ अवकाशात निघून जातो.

म्हणून शास्त्रज्ञांचा एक ढोबळ नियम आहे: रेणूंचा सरासरी वेग मुक्तिवेगाच्या सहाव्या हिश्शाहून कमी असेल, तरच तो वायू अब्जावधी वर्षे टिकतो.

हा नियम लावून पाहू. चंद्रावर दुपारी तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तेव्हा नायट्रोजनच्या रेणूचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५९० मीटर होतो. चंद्राची मर्यादा ४०० मीटरची. नायट्रोजन निसटणारच! टायटनवर मात्र तापमान उणे १७९ अंश. तेथे हाच वेग सुमारे २९० मीटर आणि मर्यादा ४४० मीटर. थंडीने रेणूंचे पाय बांधून ठेवले आहेत. टायटनच्या हवेचे वरचे थरही उणे १०० अंशांहून थंड आहेत.

अर्थात उष्णता हा एकच चोर नाही. सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत, म्हणजे सौरवारा, हाही हवा पळवतो. मंगळाच्या हवेचा मोठा भाग अशा मार्गांनी गेला. २०१४ साली मंगळाजवळ पोचलेल्या 'मेव्हन' यानाने ही गळती प्रत्यक्ष मोजली.

आपली पृथ्वी तरी सुरक्षित आहे का? आपल्या वातावरणाच्या वरच्या थरांत तापमान ७०० अंशांच्या घरात असते. तेथेही नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा वेग सेकंदाला १ कि. मी.पेक्षा कमीच, आणि आपली मर्यादा जवळजवळ १.९ कि. मी. म्हणून आपला श्वास शाबूत आहे. हेलियमचा वेग मात्र २.५ कि. मी. होतो. शिवाय विद्युतभारित झालेले त्याचे अणू ध्रुवप्रदेशांवरूनही निसटतात. खडकांतील युरेनियम व थोरियम यांच्यापासून हेलियम सतत तयार होत असतो, तरी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे जेमतेम पाचच भाग सापडतात.

जत्रेत हातून सुटलेला हेलियमचा फुगा वर जाऊन फुटतो, पण आतला वायू पुढे कधीतरी पृथ्वीच सोडून जातो. इस्पितळातील एमआरआय यंत्राची चुंबके याच वायूच्या द्रवाने थंड ठेवतात. म्हणून तो जपून वापरायला हवा.

आता एक गणित तुमच्यासाठी. बुधाचा मुक्तिवेग सेकंदाला ४.३ कि. मी. आहे आणि तेथील भर दुपारी नायट्रोजनचा सरासरी वेग ०.८ कि. मी. होईल. बुधावर नायट्रोजन टिकेल का?