खिशातलं वजन

मराठीत वजनाला मान आहे. ज्याचा शब्द चार ठिकाणी चालतो तो वजनदार माणूस, आणि ज्याचा चालत नाही त्याच्या बोलण्याला वजन नाही. उलट माल हलका, कापड हलकं, माणूस हलक्या कानाचा असं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तांब्या-पितळेची भांडी आपण पिढ्यान् पिढ्या तोलून घेतली आणि मोडीत घालतानाही ती तराजूतच घातली. अशा सवयीच्या हातात कुणी पंचेचाळीस ग्रॅमचा मिटणारा चाकू ठेवला, तर मनात पहिला शब्द येतो तो ‘खेळणं’. हा शब्द एकट्या मराठी माणसाच्या मनात येतो असंही नाही. हलका चाकू पहिल्यांदा हातात घेणाऱ्या जगभरच्या लोकांची पहिली प्रतिक्रिया अशीच असते: इतका हलका, म्हणजे टिकणार नाही. माझं म्हणणं असं की हा पहिला निवाडा चुकीचा आहे. अवजाराला वजन का लागतं याचा विचार न करताच तो दिलेला असतो.

उदाहरण म्हणून फ्रान्समधला ओपिनेल घेऊ. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, इटलीला लागून, आल्प्सच्या कुशीत सॅव्हॉय हा प्रदेश आहे. तिथल्या मोरियेन खोऱ्यात ओपिनेल घराण्याचं कुऱ्हाडी, कोयते अशी धारेची अवजारं घडवण्याचं काम चाले. त्या घरातल्या जोझेफ ओपिनेलने १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, एक साधा मिटणारा चाकू बनवला. १८९७ पर्यंत त्याची १ ते १२ अशी बारा मापं झाली. पुढे १ आणि ११ ही दोन बंद पडली, पण बाकीच्यांचे क्रमांक तेच राहिले. यातला ८ नंबर सगळ्यात जास्त खपतो. त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीचच्या लाकडाची आणि वजन सुमारे ४५ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या सहा नाण्यांएवढं. सगळे मिळून भाग पाच: मूठ, पातं, त्या दोघांना जोडणारी खीळ, मुठीच्या तोंडावरची पक्की कडी आणि तिच्यावर फिरणारी दुसरी कडी. शेवटचा भाग १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने बसवला. पातं उघडून ही कडी फिरवली की ते हातावर मिटत नाही. त्याआधीची पासष्ट वर्षं हा चाकू चार भागांवर चालला होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९८५ मध्ये जगातल्या शंभर सुंदर वस्तूंत त्याची गणना केली. शेतकऱ्याच्या खिशातल्या वस्तूला एवढं कौतुक सहसा मिळत नाही.

हे हलकेपण काटकसरीतून आलेलं नाही, रचनेतून आलेलं आहे. खिशातल्या बहुतेक जुन्या चाकूंत मुठीच्या पोटात एक पोलादी स्प्रिंग असते. ती पात्याच्या बुडावर दाब ठेवते आणि त्यामुळे पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं. स्प्रिंग आली की तिला धरायला दोन बाजूंना पितळी किंवा पोलादी पट्ट्या आल्या, त्या झाकायला वर शिंगाचं किंवा लाकडाचं आवरण आलं. ओपिनेलने स्प्रिंगच काढून टाकली आणि तिच्यामागोमाग पट्ट्याही गेल्या. अखंड लाकडाला करवतीने एक खाच पाडायची, तिच्यात पातं बसवायचं, घर्षणाने ते जागच्या जागी राहतं. आता याच्याशेजारी अमेरिकेतला १९६४ सालचा बक ११० ठेवून पाहा. त्याचं पातं ओपिनेलपेक्षा जेमतेम एक सेंटिमीटरने मोठं, पण वजन २०० ग्रॅमच्या घरात, चौपटीहून अधिक. हे वाढीव वजन मुख्यतः मुठीत आहे, दोन टोकांच्या जाड पितळात. बक वाईट चाकू आहे असं मुळीच नाही. शिकाऱ्याने कमरेच्या पट्ट्याला म्यानात अडकवून न्यायचा तो चाकू आहे, आणि पट्ट्याला दोनशे ग्रॅम जड होत नाहीत. खिशाला होतात. उन्हाळ्याच्या सुती पँटीत तो धोंडा लोंबावा तसा लोंबतो, चालताना मांडीवर आपटतो, आणि आठवड्याभरात त्याची रवानगी टेबलाच्या खणात होते.

पण मग वजनाने कापणं सोपं होत नाही का? इथे आपल्याच भाषेची मदत घ्यावी. कोयता तोडतो, कुऱ्हाड फोडते, विळी चिरते, चाकू कापतो, सोलतो, तासतो. ही क्रियापदं एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण कामं वेगळी आहेत. कोयता आणि कुऱ्हाड यांनी घाव घालायचा असतो. वेगाने खाली येणाऱ्या वजनात जो जोर साठतो तोच उसाच्या कांडीत किंवा ओंडक्यात उतरतो. तिथे हलकं अवजार म्हणजे हाताला शिक्षा. चाकूने घाव घालायचा नसतो. तो वस्तूला टेकवून ओढायचा असतो आणि जोर मनगटातून येतो. विळीच्या बाबतीत तर पातं जागचं हलतही नाही, हलते ती भाजी. पाटावर पाय रोवून बसलेल्या बाईचं वजन पाटाला लागतं, पात्याला नव्हे. कापताना महत्त्वाच्या गोष्टी दोनच, धार किती बारीक आहे आणि धारेमागचं पातं किती जाड आहे. धार वाट उघडते, पण तिच्यामागून येणारी पाचर जाड असेल तर पुढे जायला अडते. जाड पात्याने गाजर कापताना ते मध्येच ‘कट्’ करून फुटतं, ते यामुळेच. ओपिनेलच्या पात्याची पाठ पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास असते. मजबूत म्हणून मिरवणाऱ्या कित्येक चाकूंची तीन-चार मिलिमीटर. सफरचंदाला यातला फरक पहिल्या फोडीत कळतो. म्हणजे चाकू हलका करणारी गोष्ट, पात्याचा पातळपणा, तीच त्याला चांगला कापायला लावते.

सैन्याच्या इतिहासातही याचा एक बोलका पुरावा आहे. स्वित्झर्लंडने १८९०-९१ च्या सुमारास आपल्या शिपायांसाठी एक चाकू ठरवला. त्यात पातं, डबा उघडायचं हत्यार, भोकं पाडायची आर आणि रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर होता. पहिला माल जर्मनीतल्या झोलिंगनहून आणावा लागला. इबाख गावच्या कार्ल एल्सेनरने १८९१ मध्ये देशातच बनवलेले चाकू पुरवायला सुरुवात केली. हा चाकू दणकट होता, आणि जडही. एल्सेनरने मग मुठीच्या दोन्ही बाजूंची अवजारं एकाच स्प्रिंगवर चालतील अशी मांडणी शोधली आणि त्यातून हलका, सुबक असा ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ तयार केला. १२ जून १८९७ रोजी त्याची कायदेशीर नोंद झाली. त्यात आणखी एक छोटं पातं आणि बूच काढायचा स्क्रू होता, तरी तो हलका होता. गंमत अशी की हा दुसरा चाकू सरकारने कधी अधिकृत सामानात धरलाच नाही. शिपायाला जड चाकू फुकट मिळे, हलका ज्याला हवा त्याने पदरमोड करून घ्यायचा. लोकांनी तो घेतला. आज जगभर ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणून जो लाल चाकू ओळखला जातो तो या हलक्या चाकूचा वंशज आहे. माणूस स्वतःचे पैसे घालून, स्वतःच्या खिशात बाळगायला काय निवडतो, याला मी दुकानातल्या पाच मिनिटांच्या पारखीपेक्षा जास्त किंमत देतो.

नव्या जमान्यातही गाडी त्याच स्टेशनावर येऊन थांबली. अमेरिकेतल्या बेंचमेड कंपनीचा बगआउट हा चाकू २०१७ मध्ये आला. त्याची मूठ काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची, पोलाद आधुनिक, पातं सव्वाआठ सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन सुमारे ५२ ग्रॅम. हलक्या चाकूंत त्याचं नाव आदराने घेतात. म्हणजे सव्वाशे वर्षांचं धातुशास्त्र आणि प्लास्टिकशास्त्र खर्ची घालून माणूस पोचला तो सॅव्हॉयच्या पोराने एका लाकडाच्या तुकड्यात गाठलेल्या वजनाच्या जवळपास. अर्थात बगआउट एका हाताने उघडतो, कापडाला क्लिपने अडकतो, पावसाने फुगत नाही. हे फायदे खरेच आहेत.

आता आक्षेप. पहिला मजबुतीचा. हलक्या चाकूने डब्याचं झाकण उचकटता येत नाही, खिळा उपसता येत नाही. बरोबर आहे, येत नाही. पण ते जड चाकूनेही करू नये. टणक केलेलं पोलाद धार धरतं आणि त्याच कारणाने वाकवलं की टोकाशी मोडतं. जड मूठ हातात आली की हे विसरायला होतं, पातळ पातं विसरू देत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे (शब्द सुटत नाही!). मूठ फार बारीक केली तर हाताला रुतते, आणि काही हलक्या चाकूंच्या बाजू चिमटीत दाबल्या तर किंचित लवतात. क्रेडिट कार्डाएवढे चपटे चाकू मिळतात, त्यांच्याने एक आंबा नीट कापून दाखवावा. इथे आक्षेप घेणाऱ्याचं मला मान्य आहे. हलकेपण अनावश्यक धातू काढून आलं पाहिजे, पकड काढून येता कामा नये. ओपिनेलची गोल, पोट असलेली मूठ तळहात भरून राहते म्हणून तो या कसोटीला उतरतो. लवणाऱ्या मुठीचं म्हणाल तर, दोन बाजूंनी चिमटीत दाबणं ही दुकानातली परीक्षा झाली. दोरी कापताना कुणी मूठ तशी दाबत नाही.

तिसरा आक्षेप हवामानाचा, आणि आपल्याकडे तो नीट ऐकला पाहिजे. ओपिनेलचं पातं दोन पोलादांत मिळतं. कार्बन पोलादाला धार लवकर लागते, पण लिंबू, कैरी किंवा कांदा कापला की पातं करडं-काळं पडतं. लोखंडी विळी वापरलेल्या घरांना हा रंग ओळखीचा आहे. तो बिघाड नव्हे. लाल गंज मात्र बिघाड, आणि तो येऊ नये म्हणून पातं पुसून कोरडं करून तेलाचं बोट फिरवायला हवं. ज्यांच्याकडून हे होणार नाही त्यांनी, आणि कोकण-गोव्यातल्या सगळ्यांनीच, सरळ स्टेनलेस पातं घ्यावं. लाकूड तर ओलाव्याने फुगतंच आणि पातं खाचेत घट्ट बसतं. सॅव्हॉयच्या लोकांचा त्यावरचा उपाय असा: कडी सैल करून मुठीचं बूड टणक जागी ठोकायचं, म्हणजे पात्याचं टोक बोटाने धरण्याइतकं वर येतं. आषाढात हा ठोका रोज द्यावा लागेल, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

उरला भीतीचा आणि कायद्याचा प्रश्न. आपल्याकडे खिशातला चाकू म्हटलं की डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला खलनायक आणि खटका दाबताच बाहेर येणारा रामपुरी येतो. पण अंगावर धारेचं अवजार बाळगणं आपल्याला नवं नाही. चंचीतला अडकित्ता घेऊन माणसं लग्नाला, तमाशाला, देवळात गेली आणि कुणी त्यांना गुंड म्हटलं नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये धारदार हत्यारांच्या यादीसाठी मर्यादा घातली आहे ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, आणि घरगुती व शेतीची अवजारं तिच्यातून वगळली आहेत. आठ नंबरचं पातं साडेतीन इंचही भरत नाही. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघालेला असेल तर ‘फळं कापायला आहे’ हे उत्तर पुरेल असं गृहीत धरू नये. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाकावा. लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे जाणाऱ्यांनी आणखी जपावं. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगायला फक्त तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, मिटणारा आणि न अडकणारा चाकू चालतो. कडीचा ८ नंबर दोन्ही अटींत नापास होतो. ओपिनेलची कडी ६ नंबरापासून पुढे असते, त्याखालच्या मापांना नसते.

शहरातल्या माणसाला याची रोज गरज आहे असा दावा मी करणार नाही. पार्सलची चिकटपट्टी कात्रीनेही कापली जाते, आणि ज्याचा दिवस घर ते कचेरी एवढाच आहे त्याचं चाकूवाचून अडत नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्याचं, बागेत कलमं बघणाऱ्याचं, एसटीच्या लांबच्या प्रवासात पेरू-काकडी घेऊन बसणाऱ्याचं मात्र अडतं, आणि ते अडतं त्या क्षणी चाकू खिशात असला तरच उपयोग. घेतलात तर धार, लाकूड, पोलाद यांची चर्चा पुढे करता येईल. पहिल्या दिवसापासून एवढंच पाळा: पातं उघडलं की कापण्याआधी कडी फिरवा, आणि मिटताना बोटं खाचेच्या वाटेत ठेवू नका.