तोंडी परीक्षेची पंधरा मिनिटे

बेंगळुरूत जर्मन, फ्रेंच किंवा जपानी शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या भाषेतली कादंबरी मुळातून वाचायची नसते. त्यांना हवे असते प्रमाणपत्र, आणि ते व्हिसाच्या अर्जाला, विद्यापीठाच्या प्रवेशाला किंवा पगारवाढीच्या फायलीला जोडायचे असते. शहराची घडणच तशी आहे. आडुगोडीची बॉश, जिला जुने बेंगळुरूकर अजूनही ‘मायको’ म्हणतात, व्हाइटफील्डची सॅप लॅब्ज, आणि किर्लोस्करांच्या भागीदारीतून १९९७ मध्ये स्थापन झालेल्या टोयोटाच्या कंपनीचा बिडदीचा मोटार कारखाना, अशा उद्योगांनी परक्या भाषेला इथे बाजारभाव मिळवून दिला. वसंतनगरात फ्रेंच शिकवणारी आलियांस फ्रांसेज आहे, तर इंदिरानगरच्या सीएमएच रोडवर, मेट्रोच्या पुलाच्या सावलीत, जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेची शाखा आहे. भारतात ही संस्था ‘मॅक्स म्युलर भवन’ या नावाने ओळखली जाते. ज्या पंडिताचे हे नाव, तो ऋग्वेदाचे संपादन करूनही आयुष्यात एकदाही भारतात आला नाही. भाषा शिकण्यासाठी त्या देशात जावेच लागते असे मानणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे वाटावे.

या प्रमाणपत्रांवर छापलेली ए-१, बी-२ अशी अक्षरे येतात ती युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामाईक चौकटीतून. या चौकटीत भाषेच्या ज्ञानाच्या सहा पायऱ्या कल्पिलेल्या असून ए-१ ही सर्वांत खालची आणि सी-२ ही सर्वांत वरची आहे. चौकटीचे वेगळेपण असे की ती विद्यार्थ्याला किती व्याकरण येते हे विचारत नाही, तर त्या भाषेत त्याला काय करता येते हे विचारते: दुकानात भाव विचारता येतो का, घरमालकाला नळ गळत असल्याचे पत्र लिहिता येते का, सभेत आपले मत मांडून त्याचे समर्थन करता येते का. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना हा विचार परका वाटला असता, कारण त्या पद्धतीत वाक्य एका भाषेतून दुसरीत बिनचूक नेता येणे म्हणजेच भाषा येणे होते. आणि त्या पद्धतीने इंग्रजी शिकलेले कित्येक जण उत्तम वाचक झाले, हेही नाकारता येत नाही.

चौकट कागदावर सुबक दिसते, पण तिची खरी कसोटी तोंडी परीक्षेत लागते. गोएथे संस्थेच्या ए-१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. संभाषणाच्या सुमारे पंधरा मिनिटांत काही उमेदवार एका टेबलाशी बसतात आणि नाव, वय, देश, गाव, भाषा, व्यवसाय, छंद या सात शब्दांच्या आधारे प्रत्येकाने स्वतःची ओळख करून द्यायची असते. हा भाग सगळेच घोकून येतात. परीक्षकालाही ते ठाऊक असते, म्हणून ओळख संपताच तो आडनावाची अक्षरे सांगायला आणि एखादा क्रमांक, बहुधा फोनचा, म्हणायला लावतो, आणि घोकंपट्टीची शिवण नेमकी तिथे उसवते. जर्मन वर्णमालेत इंग्रजी ‘ई’ या अक्षराचा उच्चार ‘ए’ होतो आणि इंग्रजी ‘आय’चा ‘ई’ होतो. त्यामुळे ‘कुलकर्णी’मधले शेवटचे अक्षर सांगताना इंग्रजी माध्यमात शिकलेला उमेदवार सवयीने ‘आय’ म्हणून जातो, आणि श्रवणाच्या भागात ‘ई’ ऐकून चुकीचे अक्षर लिहितो.

आकड्यांची गंमत तर मराठी माणसासाठी खासच आहे. जर्मनमध्ये एकवीसला ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’ म्हणजे ‘एक आणि वीस’ म्हणतात. एकम आधी, दशक नंतर. मराठीतले एकवीस, बावीस, पंचवीस याच क्रमाने चालतात, उलट कन्नडमधले ‘इप्पत्तोंदु’ इंग्रजीप्रमाणे वीस आधी घेते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता. त्या वादात जर्मनचा दाखला जुन्या पद्धतीच्या बाजूने देता आला असता. अर्थात हा फायदा ज्याच्या डोक्यात आकडे अजून मराठीत वाजतात त्यालाच मिळतो, आणि बेंगळुरूत वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांना फोन क्रमांक बहुधा इंग्रजीतच पाठ असतो.

शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की विद्यार्थ्याची चूक कुठून आली हे कळल्याशिवाय ती सुधारता येत नाही. जर्मन नामांना मराठीसारखीच पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग अशी तीन लिंगे असतात, त्यामुळे निर्जीव टेबलालाही लिंग असते ही कल्पना मराठी विद्यार्थ्याला समजावून द्यावी लागत नाही. कन्नडभाषकाला ती द्यावी लागते, कारण कन्नडमध्ये लिंग प्रामुख्याने अर्थावरून ठरते आणि निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात. मात्र याच ओळखीमुळे मराठी विद्यार्थी फसतोही. ते घर, ते पुस्तक ही दोन्ही नामे जर्मनमध्येही नपुंसकलिंगी निघतात, विश्वास बसतो, आणि मग कळते की तिथे सूर्य स्त्रीलिंगी असून मुलगी नपुंसकलिंगी आहे. उच्चाराचेही तसेच. जर्मन ‘झेड’चा उच्चार ‘चमचा’मधल्या ‘च’सारखा होतो, ‘चिमणी’मधल्या ‘च’सारखा नव्हे, मराठी जिभेला हा ध्वनी जन्मजात अवगत असतो, पण लिपीत दोन्हींसाठी एकच अक्षर असल्याने आपल्याला तो येतो याची जाणीव नसते. बेंगळुरूच्या वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारे शेजारी शेजारी बसतात, समजावण्याची भाषा इंग्रजी असते, आणि त्या सोयीपायी प्रत्येकाच्या मातृभाषेतले हे तयार भांडवल वर्गाबाहेर राहते.

जपानीच्या बाबतीत या भांडवलाचे मोल आणखी मोठे आहे. ‘मी सुशी खातो’ हे वाक्य जपानीत ‘वाताशि वा सुशि ओ ताबेमास’ असे होते: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, आणि नामामागे विभक्तिप्रत्ययासारखे ‘वा’, ‘ओ’ हे छोटे शब्द. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत वाक्य याच चालीने जाते, इंग्रजीत जात नाही. जपानी प्रावीण्य परीक्षा, म्हणजे जेएलपीटी, १९८४ पासून घेतली जाते. २०१० मध्ये तिचे चारऐवजी पाच स्तर झाले आणि त्यांतला एन-५ हा सर्वांत सोपा. या स्तराला १८० पैकी ८० गुण उत्तीर्ण होण्यास पुरतात, फक्त भाषाज्ञान आणि वाचन यांत मिळून १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९ गुण असावे लागतात. सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. म्हणजेच अगदी वरच्या एन-१ स्तरापर्यंत उमेदवाराला या परीक्षेत जपानीतले एकही वाक्य बोलावे किंवा लिहावे लागत नाही.

परीक्षाशास्त्रात दोन कसोट्या महत्त्वाच्या मानतात. परीक्षक बदलला किंवा दिवस बदलला तरी त्याच उमेदवाराला तेवढेच गुण मिळावेत, ही विश्वसनीयता; आणि जे मोजायचे ठरवले तेच प्रत्यक्षात मोजले जावे, ही वैधता. यंत्राने तपासलेली पर्यायी उत्तरे पहिल्या कसोटीला पुरेपूर उतरतात, परंतु बोलण्याच्या पात्रतेचा पुरावा म्हणून तीच परीक्षा वापरली की दुसऱ्या कसोटीवर ती लंगडी पडते. गोएथेच्या परीक्षेत संभाषणाचे गुण दोन परीक्षक देतात, बी-१ स्तरावर दोन उमेदवारांना मिळून एखादा कार्यक्रम ठरवावा लागतो आणि प्रत्येक विभागात १०० पैकी ६० गुण लागतात. ही व्यवस्था खर्चिक आणि वेळखाऊ आहे, पण माणसाचे बोलणे दुसऱ्या माणसाने ऐकल्यावाचून मोजण्याची तितकी भरवशाची युक्ती अजून हाती आलेली नाही. परीक्षेचा अध्यापनावर जो उलटा परिणाम होतो त्याला प्रतिप्रभाव म्हणता येईल, आणि तो शिक्षकाच्या सदिच्छेपेक्षा बलवान असतो: जेएलपीटीच्या शिकवणीत कांजी चित्राक्षरांच्या याद्या आणि जुन्या धाटणीच्या प्रश्नपत्रिका चालतात, संभाषणाचा तास ‘वेळ उरला तर’ घेतला जातो.

प्रतिप्रभावाचा वेगळा मासला जर्मनीने घालून दिला. २००७ च्या कायदेबदलानुसार जर्मनीत राहणाऱ्याकडे जायला निघालेल्या पतीला किंवा पत्नीला व्हिसाच्या आधी ए-१ पातळीची जर्मन येत असल्याचे दाखवावे लागते. ब्लू कार्डधारकांच्या जोडीदारांसारख्या काहींना यातून सूट आहे. लग्न झालेले आहे आणि सामान बांधलेले आहे अशा अवस्थेत केवळ कागदासाठी वर्गात बसलेल्या व्यक्तीला चार कौशल्ये थोडी थोडी शिकावीच लागतात, आणि या सक्तीबद्दल कितीही आक्षेप असले तरी तिकडच्या वाण्याकडे पहिल्या आठवड्यात तोंड उघडता येते ते तिच्यामुळेच.

२०२० च्या टाळेबंदीने वर्ग पडद्यावर आले आणि शहरातली वाहतूक पाहता पुष्कळसे तिथेच राहिले. वर्गातल्या प्रवेशासाठी पातळी ठरवण्याचे काम संगणक चांगले करतो. त्यासाठी वापरतात ती एक चाचणी म्हणजे सी-टेस्ट: उताऱ्याचे पहिले वाक्य पूर्ण ठेवायचे आणि पुढे एकाआड एक शब्दाचा उत्तरार्ध गाळायचा. मराठीत ती अशी दिसेल: ‘बेंगळुरूत सकाळी हलका पाऊस पडला. दुपारी आका… मोकळे झा… आणि लो… बाजाराकडे निघा…’ मराठी वाचकाला गाळलेले भाग आपोआप दिसतात, नवशिक्याला दिसत नाहीत, कारण त्या जागा भरायला शब्दसंग्रह, व्याकरण आणि संदर्भ एकाच वेळी लागतात. जर्मनीच्या टेस्टडाफ संस्थेची ऑनसेट ही ऑनलाइन चाचणी याच तत्त्वावर आठ उताऱ्यांत प्रत्येकी २० रिकाम्या जागा देते.

पडदा कमी पडतो तो संभाषणात. दहा भाषांच्या २००९ मधल्या एका तुलनेत असे आढळले की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदच जातात, म्हणजे ऐकणारा समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच आपले जुळवत असतो. इंटरनेटवरच्या क्षणभराच्या विलंबाने ही लय मोडते, दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, आणि नवशिक्याचे अडखळणे भाषेमुळे की जोडणीमुळे हे कुशल शिक्षकालाही सांगता येत नाही. त्यात गृहपाठाचे पत्र भाषांतराचे यंत्र लिहून देते, तेव्हा घरून आलेल्या लेखनाला गुण देणे जवळपास निरर्थक झाले आहे. वर्गात, हाताने, घड्याळ लावून लिहायला लावण्याची जुनी रीत काही शिक्षकांनी पुन्हा धरली आहे ती यामुळेच.

याच शहरात एक भाषा अशी आहे की जिच्यासाठी येणाऱ्याकडे कोणताही व्हिसा अधिकारी ए-१ मागत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकाला उमेदवाराच्या मदतीला इंग्रजीत उतरता येत नाही. कन्नडची परीक्षा मात्र सीएमएच रोडवर रिक्षात बसल्याबरोबर सुरू होते आणि तिथला परीक्षक फारच दयाळू असतो. बी-१ ची बैठक आटोपून आलेल्याने ‘कन्नड गोत्तिल्ला’, म्हणजे कन्नड येत नाही, असे म्हणताच तो स्वतःच हिंदीत, क्वचित मराठीत, भाव सांगू लागतो.