परदेशी मेडिकल : प्रवेश तर मिळेल, पण पुढे?

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी गावी पोहोचलो, तेव्हा ताईचा नीटचा निकाल लागला होता. 720 पैकी 412. सरकारी कॉलेज मिळणार नव्हते आणि खासगीची फी आम्हाला झेपणारी नव्हती. दोन दिवसांनी एक सल्लागार घरी आले. मार्क पाहून म्हणाले, "परदेशात शंभर टक्के ॲडमिशन. फक्त या महिन्यात पैसे भरा." बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी कपाटातून ग्रॅच्युइटीचे कागद काढले. आई गप्प होती आणि ताई खिडकीबाहेर बघत होती.

मला कोणी काही विचारले नाही. पण मलाही डॉक्टर व्हायचे आहे, पुण्याच्या एएफएमसीचे स्वप्न आहे, म्हणून मी वही घेऊन बसलो. मॅप रीडिंगच्या तासाला आमचे उस्ताद आधी दोन गोष्टी विचारतात : आत्ता कुठे उभा आहेस आणि पोहोचायचे कुठे? ताईला परदेशी कॉलेजात पोहोचायचे नव्हते. तिला भारतात डॉक्टर म्हणून काम करायचे होते. त्या वाटेवर मला तीन दारे दिसली.

पहिले दार आपल्याच देशाचे. परदेशात शिकून इथे डॉक्टरी करायची, तर नीटमध्ये पात्र व्हावेच लागते. 2025 साली खुल्या गटासाठी ही रेषा 144 गुणांवर होती. म्हणजे ताई आरामात पार. परदेशी प्रवेशासाठी हा निकाल तीन वर्षे चालतो, हेही तेव्हाच कळले.

दुसरे दार त्या कॉलेजचे. इथे प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे. अमेरिकेत बारावीनंतर सहसा थेट मेडिकल नसते. आधी पदवी, मग एमकॅट. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी साधारण साडेसात टक्केच जागा असतात आणि यूकॅट द्यावी लागते. जर्मनीत सरकारी विद्यापीठांची फी कमी, पण शिक्षण जर्मन भाषेत. रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया अशा देशांत मात्र बारावीचे मार्क, नीटची पात्रता आणि फी एवढ्यावर अनेक कॉलेजांत जागा मिळते. सल्लागारांचे शंभर टक्के खोटे नव्हते. ते फक्त या दुसऱ्या दाराचे होते.

तिसरे दार परतीचे. परदेशातून आलेल्यांना भारतात एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. 300 प्रश्न, पास व्हायला 150 बरोबर, चुकीला मार्क कापत नाहीत. ऐकायला सोपे वाटते, पण बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक जण नापास होतात. दहावीच्या गणितात आपण संभाव्यता शिकतो. दारे एकामागोमाग असली, तर शक्यतांचा गुणाकार होतो. पहिली दोन दारे पूर्ण उघडी धरली, तरी उत्तर तिसऱ्या दाराएवढेच येते.

बाबा म्हणाले, "अरे, तो आकडा सगळ्यांचा आहे. आपली पोरगी अभ्यासू आहे." त्यांचे बरोबर होते. सरासरी म्हणजे एका माणसाचे भविष्य नव्हे. म्हणूनच देशाचा नव्हे, त्या एका कॉलेजचा निकाल बघायला हवा. परीक्षा घेणारे मंडळ कॉलेजनिहाय आकडे प्रसिद्ध करते. किती बसले आणि किती पास झाले, दोन्ही बघायचे. पाचांपैकी तीन पास आणि पाचशेंपैकी तीनशे पास, टक्केवारी एकच. पण पाच जणांवरून कॉलेज ओळखता येत नाही.

याशिवाय 2021 च्या नियमांतल्या अटी मी वहीत उतरवल्या. शिक्षण किमान 54 महिन्यांचे आणि इंग्रजीतून हवे. त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टरी करता आली पाहिजे. परत आल्यावर इथे आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप. आणि हे सगळे दहा वर्षांच्या आत. यातली एक अट जरी चुकली, तरी हुशारी कामाला येत नाही. शेवटी मी एक ओळ लिहिली : त्या देशात गडबड झाली तर? 2022 मध्ये ऑपरेशन गंगामधून युक्रेनहून हजारो विद्यार्थी परत आले. त्यांत मेडिकलचे किती होते, ते आपण सर्वांनी बातम्यांत पाहिले.

दुसऱ्या दिवशी सल्लागार आले, तेव्हा बाबांनी वही समोर ठेवली आणि तीनच गोष्टी मागितल्या : कॉलेजचा एफएमजीईचा निकाल, इंटर्नशिप तिथेच होईल असे लेखी पत्र आणि सहाही वर्षांचा पूर्ण खर्च, हॉस्टेल-मेससकट. ते म्हणाले, "पाठवतो." नंतर दोनदा फोन आला, तो पैसे कधी भरताय हे विचारायला.

निर्णय ताईनेच घेतला. निकाल तीन वर्षे चालणार असेल, तर घाई कशाची? एक वर्ष पुन्हा तयारी, आणि तेवढ्यात तीनही कागद नीट देणारे कॉलेज सापडले तर तेही बघायचे. ग्रॅच्युइटीचे कागद कपाटात परत गेले.

आता दर रविवारी फोनवर ती मला बायोलॉजीचा एक प्रश्न विचारते. मला येत नाही. मग ती समजावून सांगते आणि म्हणते, "चला, माझी उजळणी झाली."