केळकरांची वज्री

केळकर संग्रहालयातल्या मस्तानीमहालात शिरायचं ठरलं होतं, पण वाट अडवली ती एका वाचक बाईंच्या पत्राने. पाय घासायच्या वज्रीवर हंस कशाला बसवायचा, एवढंच त्यांनी विचारलंय. प्रश्न फर्मास आहे. मस्तानीमहाल कोथरूडहून शुक्रवार पेठेतल्या या संग्रहालयात आलाच आहे, तो आठवडाभर थांबेल.

वज्री म्हणजे न्हाणीघरातली वस्तू. अनवाणी वावरणाऱ्या पायांच्या टाचांना भेगा पडणारच. आंघोळीच्या वेळी त्या घासायला कुंभाराकडची भाजलेल्या मातीची खरबरीत वज्री असे. ती झिजली की फेकायची, दुसरी आणायची. ऐपतीच्या घरात तीच पितळेची. ओताऱ्याने तळ सपाट ठेवून त्यावर आडव्याउभ्या रेघा पाडायच्या, म्हणजे कातडी खरवडली जाते. आता ओल्या हातातून निसटू नये म्हणून वर धरायला काहीतरी हवंच. साधी कडी चालली असती. पण ओतारी तिथे पक्षी बसवतो, मोर बसवतो. बोटं बसतात नेमकी मानेच्या बाकात. हंसाची मान वळलेली असते ती केवळ शोभेला नव्हे, बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या बाकात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर कानाचं. काही वज्र्यांचं पोट पोकळ असतं आणि आत खडे असतात. घासायला लागलं की खुळखुळ वाजतात. टाच घासण्यासारख्या कंटाळवाण्या कामाला ताल लावून देणारा कारागीर रसिकच म्हणायचा!

अडचण एवढीच, की वज्री संग्रहालयाच्या कपाटात मांडली की तिचा कामाचा भाग खाली जातो. आपण हंस पाहून पुढे सरकतो. बाजूने वाकून तळाची कड दिसते का ते पाहावं. रेघा बोथट असतील तर ती वस्तू कुणाच्या तरी पायाखाली खरोखर झिजलेली आहे.

अशा वस्तू जमवण्याचा नाद दिनकर गंगाधर केळकरांना १९२० च्या सुमारास लागला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा गृहस्थ, घरचा धंदा चष्म्यांचा. संस्थानिक तलवारी नि तैलचित्रं जमवत त्या काळात हे दिवे, अडकित्ते, चुनाळी, दौती, दरवाजे गोळा करत देशभर हिंडले. पत्नी कमलाबाईंची या खटाटोपाला साथ होती. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतली कला एवढ्या संख्येने या संग्रहालयात दिसते, त्यात कमलाबाईंच्या नजरेचा वाटा किती, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. केळकरांवर लिहिणारे तो फारसा काढत नाहीत, हे खटकतं.

लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. १९६२ मध्ये संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. वस्तू वीस हजारांच्या वर, आणि एका वेळी मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. म्हणून गेल्या खेपेला पाहिलेला अडकित्ता या वेळी जागेवर नसला तर रखवालदाराशी हुज्जत घालू नये.

आणखी एका वाचकाला अडकित्त्यांविषयीच हवं आहे. मोर, पोपट, घोडा, जोडपं, असे सगळे आकार सुपारी कातरायला का राबवले, हा प्रश्न वज्रीच्याच घरचा. पण आधी मस्तानीमहाल, नाहीतर संपादक रागावतील.