जुन्या बोटीला नवे इंजिन? आधी तपासा सांगाडा

किनाऱ्यावर अनेक वर्षे पडून असलेली फायबरची छोटी मोटारबोट स्वस्तात मिळते, तेव्हा खरेदीदाराचे पहिले लक्ष इंजिनाकडे जाते. अधिक ताकदीचे इंजिन बसवले आणि रंगाचा हात दिला की बोट नव्यासारखी होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अशा बोटींचे गंभीर दोष अनेकदा डोळ्यांना न दिसणाऱ्या सांगाड्यात दडलेले असतात. खिळखिळ्या सांगाड्यावर चढवलेले नवे इंजिन पैशांचा अपव्यय तर ठरतेच, शिवाय भर समुद्रात जिवावरही बेतू शकते. म्हणूनच दुरुस्तीवर खर्च किती केला, यापेक्षा तो कोणत्या क्रमाने केला, हे अधिक महत्त्वाचे आहे.

कुजते ते आतले लाकूड

काचतंतू आणि रेझिन यांपासून बनलेले फायबर कुजत नाही. मात्र, अनेक जुन्या बोटींत मजबुतीसाठी आतून प्लायवूड घातलेले असते. आउटबोर्ड इंजिन ज्या मागील भिंतीवर टांगले जाते, तिला ट्रान्सम म्हणतात. इंजिनाचे वजन आणि त्याचा सारा रेटा हीच भिंत पेलते. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपले की प्लायवूड आतल्या आत कुजते; बाहेरून मात्र ती गुळगुळीतच दिसते.

याची परीक्षा सोपी आहे. लहान हातोडीने ठोकत गेल्यास भक्कम भाग खणखणीत वाजतो, तर कुजलेल्या भागातून बद्द आवाज येतो. शंका आल्यास आतील बाजूने बारीक भोक पाडून भुसा पाहावा. तो ओला आणि काळपट निघाल्यास वरून लांबी भरून भागत नाही. आतील फायबर कापून, कुजलेले लाकूड काढून नवे मरीन प्लायवूड बसवावे लागते आणि त्यावर इपॉक्सी व काचकापडाचे थर द्यावे लागतात. तळातील आधाराच्या पट्ट्यांनाही हाच नियम लागू आहे.

बोटीच्या तळावर बारीक फोड दिसत असतील, तर पाणी वरच्या थरातून आत शिरले आहे, असे समजावे. फोड घासून, गोड्या पाण्याने धुऊन बोट पूर्ण वाळू द्यावी लागते. त्याला काही आठवडेही लागतात. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून तोच दुरुस्तीचा हंगाम मानला जातो. परंतु दमट हवेत फायबरचे थर नीट धरत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात तपासणी व मोडतोड करावी आणि थर देण्याचे काम कोरड्या दिवसांत किंवा बंदिस्त शेडमध्ये करावे. घासताना उडणारी धूळ आणि रेझिनची वाफ अपायकारक असल्याने योग्य मास्क आवश्यक आहे.

इंजिन, इंधन आणि वायरिंग

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात इंधनाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. फोर-स्ट्रोक इंजिन इंधन वाचवते. पण तेवढ्याच ताकदीचे हे इंजिन सहसा वजनाने जड असते. त्यामुळे बोटीचा मागचा भाग खाली बसून पाणी आत येण्याची भीती असते. बोट बनवणाऱ्याने ठरवलेली अश्वशक्तीची आणि वजनाची मर्यादा ओलांडू नये.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साठते आणि एखादी ठिणगीही स्फोटाला पुरेशी ठरते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात, शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. म्हणून नळ्या बदलणे आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवणे श्रेयस्कर. खाऱ्या हवेत साधी तांब्याची तार काळवंडते. कथिलाचा मुलामा असलेली तार वापरावी आणि बॅटरीजवळ फ्यूज द्यावा.

चाचणी मोकळ्या पाण्यात

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असताना नौदलाच्या वेगवान नौकेवरील नियंत्रण सुटले आणि ती ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. या दुर्घटनेत अनेकांचे प्राण गेले. छोट्या बोटीलाही यातून बोध घेता येतो. नव्या इंजिनाची पहिली चाचणी वर्दळीपासून दूर, संथ पाण्यात आणि कमी वेगात घ्यावी. बोटीवरील प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असावे. चालक पाण्यात फेकला गेल्यास इंजिन आपोआप बंद करणारी दोरी त्याने स्वतःला जोडलेली असावी. इंजिन बदलल्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यांना आणि विमा कंपनीलाही द्यावी.

ट्रान्सम, तळाचे आधार आणि वायरिंग हे तिन्ही निकामी असतील, तर स्वस्तातली बोट अखेर नव्या बोटीइतकीच महाग पडू शकते. म्हणून सौदा ठरवण्यापूर्वीच जाणकार कारागिराकडून बोट ठोकून पाहून घेणे शहाणपणाचे.