शिट्टीवरून उपग्रहाचा माग

आकाशवाणीचे सांगली केंद्र 1251 किलोहर्ट्झवर लागते, आणि ते सांगलीच्या गणपती पेठेत ऐकले काय किंवा विट्याच्या एखाद्या मळ्यात ऐकले काय, त्या आकड्यात तसूभरही फरक पडत नाही. कारण मनोरा जागचा हलत नाही आणि श्रोताही स्वस्थ बसलेला असतो. उपग्रहाची तऱ्हा निराळी. पाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणारा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो, म्हणजे सातारा ते सांगली हे हवाई अंतर पंधरा सेकंदांच्या आत ओलांडतो. त्यामुळे ताकारीच्या फलाटावरून न थांबता निघून जाणाऱ्या गाडीच्या शिटीप्रमाणे त्याच्या संदेशाची वारंवारता येताना चढलेली आणि जाताना उतरलेली आढळते.

4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाने स्पुटनिक सोडला, तेव्हा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील गायर आणि वायफेनबाख या दोन तरुणांनी त्याच्या 20 मेगाहर्ट्झवरील संदेशाचा हा चढउतार नोंदवला आणि तेवढ्या दाखल्यावरून त्याची कक्षा काढून दाखवली. वारंवारता सर्वांत वेगाने उतरते तो क्षण उपग्रह आपल्या सर्वांत निकट असल्याचा. उतार जितका खडा तितका उपग्रह जवळून गेलेला. आणि पृथ्वीचे स्वतःचे फिरणे हिशेबात धरले की उरलेल्या आलेखात कक्षेची इतर लक्षणेही सापडतात. पुढे 1958 साली त्यांचे वरिष्ठ मॅक्लूर यांनी हाच हिशेब उलटा मांडला: कक्षा ठाऊक असेल तर ऐकणाराचे ठिकाण काढता येईल. त्यातून नौकानयनासाठी ट्रान्झिट उपग्रहांची योजना जन्मली.

आपल्याकडचा दाखला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा. तेथील विद्यार्थ्यांनी घडवलेला, वजनाला किलोभरही न भरणारा ‘स्वयम्’ हा उपग्रह 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून इतर एकोणीस उपग्रहांसमवेत सोडला गेला. अशा वेळी खरी अडचण उभी राहते ती ओळखीची. रडारला अवकाशातील वस्तू दिसतात, परंतु त्यांपैकी कोणती कोणाची, हे ते सांगू शकत नाही. ऐकलेल्या संदेशाचा चढउतार ज्या वस्तूच्या कक्षेशी तंतोतंत जुळतो तीच आपली, असा निवाडा मग रेडिओच देतो. ‘स्वयम्’ हौशी रेडिओच्या पट्ट्यात, 437 मेगाहर्ट्झच्या आसपास बोले. त्या वारंवारतेवर क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचा फरक वीसेक किलोहर्ट्झचा होतो, आणि तो साध्या संगणकाला जोडलेल्या स्वस्त ग्राहकयंत्रावरही स्पष्ट उमटतो. इतक्या नाजूक विद्येला इतके मामुली साहित्य पुरावे, याचे मला आजही नवल वाटते. याच तत्त्वावर 19 ऑक्टोबर 2016 रोजी नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपीय ‘शियापारेली’ यानाचा क्षीण संदेश टिपला. तो अवतरणाच्या ऐन घटकेस बंद पडला, आणि यान आदळले हे पुढे निष्पन्न झाले.

साताऱ्याच्या हौशी माणसाची मात्र एक कैफियत आहे. शहराला एका अंगाने अजिंक्यतारा आणि दुसऱ्या अंगाने यवतेश्वर असे डोंगर खेटलेले असल्याने उगवता-मावळता उपग्रह आडोशाला जातो, आणि आलेखाची दोन्ही टोके तुटतात. सांगलीला कृष्णाकाठचा सखल मुलूख लाभल्याने ही हरकत फारशी येत नाही. तेव्हा सातारकराने अँटेना घेऊन सरळ यवतेश्वरच्या पठारावर जावे. आणि ऐकण्यावर समाधान न मानता स्वतः बोलायचे असेल, तर हौशी रेडिओची सरकारी परीक्षा देऊन परवाना अगोदर पदरात पाडून घ्यावा.