अपिलाची पायरी : भाग ७ – तोंडाला वास आला म्हणून

मागच्या भागात सॉलोमनच्या कंपनीचं अवसायन पाहिलं. खालच्या दोन्ही न्यायालयांनी मालकाला जबाबदार धरलं, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ साली ते सगळं फिरवलं. या वेळी दारूबंदीच्या मुंबईत जाऊ.

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९चा. त्याला आव्हान दिलं गेलं आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात निकाल दिला : कायदा बहुतांशी टिकला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यापुरती त्यातली बंदी रद्द झाली. त्यानंतर चारच दिवसांनी, २९ मेच्या रात्री, परिवहन खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या जीपने कुलाब्यात तिघांना धडक दिली. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. पोलीस सर्जनने तपासलं तेव्हा डोळे लालसर होते. पण बोलणं सुसंगत होतं, सरळ रेषेत चालताही येत होतं. आरोपीने सांगितलं, जेवणानंतर टॉनिक घेतलं होतं आणि त्यात अल्कोहोल असतं.

मॅजिस्ट्रेटने त्याला सगळ्याच आरोपांतून सोडलं. सरकार अपिलात गेलं. उच्च न्यायालयाने बेदरकार गाडी चालवल्याच्या आरोपातली सुटका कायम ठेवली, पण दारू प्यायल्याबद्दल एक महिना सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड ठोठावला. मग प्रकरण दिल्लीला गेलं. हाच तो बेहराम खुर्शीद पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य.

वाद एका प्रश्नावर आला : टॉनिक घेतलं होतं हे कोणी सिद्ध करायचं? सरकारचं म्हणणं असं की दारू पिणं गुन्हा आहे, औषध हा त्याला अपवाद, आणि अपवादाचा आधार घेणाऱ्यानेच तो शाबीत करावा. वरवर हे पटतं. शिवाय उलट निकाल लागला तर प्रत्येक प्यालेला माणूस औषधाच्या बाटलीकडे बोट दाखवील, ही भीतीही खोटी नव्हती.

सुरुवातीला तीन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. अखेर बलसारा निकालाचा नेमका परिणाम काय, हा प्रश्न घटनापीठापुढे गेला. सरन्यायाधीश मेहरचंद महाजन आणि बहुमताने सांगितलं की कायद्याचा जो भाग घटनाबाह्य ठरला, तो नाहीच असं धरून कायदा वाचायचा. तेव्हा औषध हा अपवाद राहत नाही. औषध घेणं मुळात गुन्ह्याच्या व्याख्येबाहेर जातं. पोटात गेलं ते बंदी असलेलं मद्यच होतं, हे सरकारने दाखवायला हवं. नुसता वास निर्दोष माणसाच्या तोंडालाही येऊ शकतो. न्या. सुधीरंजन दास यांनी भिन्नमत नोंदवलं. सप्टेंबर १९५४मध्ये आरोपी सुटला.

मला बहुमत बरोबर वाटतं, आणि ते तुरुंगवासामुळे. एका हवालदाराच्या नाकावर विसंबून महिनाभर कोठडीत पाठवायची मुभा दिली, तर तिचा मार बसणार तो वकील करण्याची ऐपत नसलेल्याला. या अधिकाऱ्याला दिल्लीपर्यंत जाता आलं. चाळीतल्या गिरणी कामगाराला किती वेळा जाता आलं असतं?

सरकारने मात्र निकालाला उत्तर कायदा बदलूनच दिलं, आणि ते योग्य उत्तर होतं. १९५९च्या दुरुस्तीने रक्त तपासण्याची रीत आली. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असल्याचं फिर्यादी पक्षाने आधी सिद्ध करायचं. तेवढं झालं की ते औषधाचं होतं हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर जाते. म्हणजे पहिलं पाऊल अजून सरकारचंच. पुढे १९७१ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या बचूभाई करयानी यांच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हेच आणखी स्पष्ट केलं : वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असं म्हणता येत नाही, त्यासाठी रक्त किंवा लघवीच तपासायला हवी.